मोकळा, पण बेताचा

अमेरिकन माणसाचा 'फ्री' या शब्दावर फार जीव. एका साबणावर दुसरा फ्री, पार्किंग फ्री, देश तर काय, फ्रीच फ्री. अशा देशात 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट' नावाचा एक प्राणी राहतो हे मला जावयांकडून कळलं, आणि ऐकताक्षणी त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. मोकळा, पण बेताचा. आपल्याकडे असे गृहस्थ घरोघरी आहेत. फक्त त्यांना कोणी फुटबॉल खेळायला लावत नाही.

लेक-जावई मिनियापोलिसला असतात. तिथे थंडी अशी पडते की टीव्हीसमोर बसण्यावाचून गत्यंतर नाही, आणि रविवारी टीव्हीवर फुटबॉल. हा फुटबॉल आपला नव्हे. यात चेंडू पोटाशी धरून पळतात, लाथ अपवादानेच बसते, आणि चेंडूही दोन्हीकडून निमुळता. चार-पाच सेकंद झटापट होते, मग बराच वेळ सगळे उभे राहून विचार करतात. कचेरीत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा खेळ काही परका वाटला नाही.

पण खरी गंमत खेळात नाही, खेळाडूंच्या बाजारात आहे. तो भरतो मार्चात.

"बाबा, कॉलेजातून आलेला मुलगा आपला संघ निवडत नाही," जावयांनी सुरुवात केली. "संघ त्याला निवडतो. सात फेऱ्या होतात. ज्याने नाव घेतलं त्याच्याकडे जायचं."

"आमच्या वेळच्या मुलींसारखंच की!" ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

पुढे त्याची वर्षं मोजतात. पूर्ण पगारावर निदान सहा सामने झाले तर तो हंगाम हिशेबात धरायचा. असे चार हंगाम होऊन करार संपला की गडी पुरता मोकळा. तीनपेक्षा कमी असतील, तर जुन्या संघाने किमान पगाराचा कागद पुढे केला की दुसऱ्या कुणाशी बोलणीसुद्धा करायची नाहीत. आणि नेमके तीन भरले, तर तो आपला बेताचा मोकळा.

त्याचं काय होतं हे हिला समजावून देताना मी आमच्या पुण्याच्या स्वयंपाकाच्या बाईंचं उदाहरण घेतलं. समजा, समोरच्या बंगलेवालीने बाईंना पाचशे रुपये जास्त देऊ केले. आता तुला पाच दिवसांची मुदत. तेवढाच पगार दे, बाई तुझ्याकडे. त्यांची इच्छा असो वा नसो. नाही दिलास तर बाई गेल्या; पण त्या बदल्यात बंगलेवालीने, पुढल्या वर्षी तिला मिळणारी पहिली नवी बाई तुला द्यायची.

"हा कायदा आपल्याकडे कधी येणार?" हिने विचारलं.

मात्र भरपाई किती मागायची ते आधी ठरवावं लागतं. जुन्या संघाने भारी पगाराचा कागद दिला असेल तर पहिल्या फेरीची निवड मागता येते, त्याहून कमी दिला तर दुसऱ्या फेरीची. अगदी स्वस्तातला दिला तर तो मूळ ज्या फेरीत निवडला गेला तिची. आणि ज्याला कुणीच निवडलं नव्हतं त्याची मूळ फेरी कुठली? तिथे भरपाई शून्य, उरतो नुसता बरोबरी करण्याचा हक्क. 2011 पासून निवडलेल्या मुलांचे पहिले करार चार वर्षांचे झाले. त्यामुळे बेताचे मोकळे बहुतेक हेच, न निवडलेले. आधी कुणाला नको होते, आता सोडवत नाहीत. 2016 साली सी. जे. अँडरसनला मायामीने चार वर्षांचे एक कोट ऐंशी लाख डॉलर देऊ केले. डेन्व्हरने पाहिलं, सही केली आणि ठेवून घेतला. मायामीच्या वाट्याला, स्थळ जमवून देणाऱ्याला मिळतं तेवढंसुद्धा आलं नाही.

माणसाची बुद्धी खरी फुलते ती नियमातून पळवाट काढताना. याच मिनेसोटाच्या व्हायकिंग्जनी 2006 मध्ये सिअॅटलचा स्टीव्ह हचिन्सन उचलला. त्याच्यावर शिक्का वेगळा होता, पण बरोबरीचा हक्क जुन्या संघाला होताच. सात वर्षं, चार कोट नव्वद लाख. वर एक कलम : संघाच्या आक्रमक फळीत याच्याहून महाग कुणी असेल, तर सगळी रक्कम हमीची. सिअॅटलकडे महाग माणूस आधीच होता! सिअॅटलला राग आला. त्यांनी लगेच मिनेसोटाचा बेताचा मोकळा नेट बर्लसन गाठला. तीच सात वर्षं, तेच चार कोट नव्वद लाख, आणि कलम असं : एका हंगामात मिनेसोटा राज्यात पाच सामने खेळला, तर सगळे पैसे हमीचे. मिनेसोटाचे घरचेच सामने आठ. जावा-जावांचं वैर इतकं कलमवार मी कुठे पाहिलं नाही. 2011 च्या करारात असली कलमं बंद झाली.

अदलाबदलीबद्दल त्या घरात बोलायची चोरी आहे. 1989 साली व्हायकिंग्जनी डॅलसकडून एक हर्शेल वॉकर घेतला आणि बदल्यात पाच खेळाडू व पुढच्या निवडींचा गठ्ठा दिला. डॅलसने त्या भांडवलावर संघ बांधून पुढे तीन अजिंक्यपदं नेली. एवढं सांगून जावई उठून पाणी पिऊन आले. न्यू ऑर्लीन्सने तर 1999 साली एका रिकी विल्यम्ससाठी त्या वर्षीच्या झाडून सगळ्या निवडी आणि पुढच्या वर्षीच्याही दोन दिल्या. मग प्रशिक्षक नवरदेवाच्या सुटात आणि रिकी नवरीच्या झग्यात, असा फोटो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर छापून आला. हुंडा इतका झाल्यावर फोटो हवाच.

हसता हसता जावयांनी जॉन मॅकीचं नाव घेतलं. पूर्वी करार संपलेला खेळाडू दुसरीकडे गेला की भरपाई कमिशनर मनाला येईल ती ठरवी, म्हणून त्याला घ्यायला कुणी धजत नसे. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष मॅकी कोर्टात गेला आणि 1976 साली अपिलातही जिंकला. आजची ही बेताची मोकळीक आली 1993 च्या करारात. तोवर मॅकीचा खेळ कधीच संपला होता. पुढे त्याला स्मृतिभ्रंश झाला, 2011 साली तो गेला. अशा जुन्या खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी जी योजना आहे, तिला त्याच्या सदऱ्याचा आकडा दिला आहे : 88.

जावई थोडा वेळ गप्प होते. त्यांचा स्वतःचा व्हिसा एच-वन-बी. नोकरी बदलायची तर नव्या मालकाने त्यांच्यासाठी नवा अर्ज करायचा, ग्रीन कार्डाचे काही कागद पुन्हा पहिल्यापासून. आणि नोकरी गेलीच, तर फार तर साठ दिवसांत दुसरी बघायची, नाही तर सामान बांधायचं. त्या आठवड्यात त्यांना सिअॅटलहूनच बोलावणं आलं होतं. पगार बराच जास्त.

"मग? काय ठरलं?" मी विचारलं.

"कंपनी बरोबरी करत नाही म्हणाली, बाबा."

"मी करते," लेक आतून म्हणाली. "पोरीची शाळा आहे, जूनपर्यंत कुणी कुठे जाणार नाही."

जावयांनी टीव्हीचा आवाज वाढवला.