फक्कीच्या रेषा

अमेरिकेत लॅक्रॉस नावाचा एक खेळ आहे. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा. मूळचा तिथल्या आदिवासींचा हा खेळ पुढे महाविद्यालयांनी आपलासा केला. अशा संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची कारकीर्द तिथे आकड्यांत सांगतात : इतके हंगाम, इतके विजय, इतके पराभव. आमच्या सरांची कारकीर्द तशी मांडायला बसलो, तर ती अर्ध्या पानात संपेल. सर अकोल्याच्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होते. पद भारदस्त, हाताखाली एक शिपाई, आणि तोही परीक्षेच्या दिवसांत काढून घेतला जाणारा.

सर घडले अमरावतीला, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचे पथक 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि तिथे त्याने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. कबड्डीही त्यांत होती. हे सर आम्हांला इतक्यांदा सांगत, की बर्लिन हे बडनेऱ्याच्या पुढचे एखादे स्टेशन असावे असे वाटे. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, तेव्हा म्हणे त्यांनी पदरच्या पैशांनी पेढे वाटले होते.

तुम्ही शेती, नोकरी, संसार सांभाळून हे वाचत आहात. पुढचे तुम्हांला अधिक कळेल. आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दिवाळीच्या आगेमागे येत आणि कापसाची वेचणीही नेमकी तेव्हाच. सर स्वतः वाकून फक्कीने मैदान आखत. मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा, एकही वाकडी नाही. आणि सात खेळाडूंच्या जागी उभे असत चार. बाकीचे शेतात. सर रागावत नसत. रविवारी एसटीने त्या त्या गावी जाऊन मुलांच्या वडिलांना भेटत. "पोरगं खेळाले गेलं तं कापूस कोन येचन?" हा प्रश्न त्यांनी किती अंगणांत ऐकला असेल! खेळाने नोकरी लागतेच, असे आश्वासन त्यांनी कोणाला दिले नाही. देणारे पुष्कळ असतात. त्यांनी फक्त सराव पहाटे पाचला आणला.

तिसऱ्या वर्षी माझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. शिबिर अमरावतीला, दहा दिवसांचे. विद्यापीठाचा कलर कोट अंगावर चढणार, हे मी गावभर सांगून ठेवले होते. नेमके त्याच आठवड्यात आभाळ भरून आले आणि वडील तापाने अंथरुणाला खिळले. सर घरी आले. पिशवी भरून मी अंगणात बसलो होतो. ते वडिलांची समजूत घालतील याची मला खात्री होती. सरांनी चहा घेतला, बांधापर्यंत जाऊन फुटलेली बोंडे पाहिली आणि परत येऊन मला म्हणाले, "तू इथंच थांब."

पाऊस दोन दिवसांनी आला. कापूस बराचसा घरात आला होता. माझी जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. त्यानंतर अनेक वर्षे मी सरांशी बोललो नाही. आजही तो निर्णय मला पुरता पटलेला नाही. भिजलेल्या कापसाचा भाव पडतो हे खरे. पण मजूर लावता आले असते, नातलग बोलावता आले असते. विचारून तरी पाहायचे होते.

ते निवृत्त झाल्यावर एकदा भेटायला गेलो. कपाटात चषक तीन, तेही काळवंडलेले. टेबलावर मात्र एक जाड रजिस्टर होते. वर्षनिहाय खेळाडूंची नावे, गाव, वजन आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'पोलीस भरती'. 'गुडघा'. 'पुण्यास गेला'. 'शिक्षक'. एका नावापुढे नुसती तारीख होती. ती कसली, हे मी विचारले नाही. माझे नाव सापडले. पुढे सरांच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते : 'वेचणी. मी थांबविले.'

तेवढ्यात सर आत चहा सांगून बाहेर आले, समोर बसले आणि म्हणाले, "यंदा पऱ्हाटी कशी आहे?"