उल्लेखांची मोजदाद

नियतकालिकाचा प्रभाव मोजायचा कसा, या प्रश्नाचे विज्ञानापुरते उत्तर युजीन गारफील्ड यांच्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'ने दिले. मागील दोन वर्षांतल्या लेखांचे चालू वर्षात झालेले उल्लेख मोजायचे आणि त्यांना त्या लेखांच्या संख्येने भागायचे. त्यांच्याच संस्थेने १९७८ मध्ये कला व मानव्यविद्यांची उद्धरणसूची काढली. पण तीत समाविष्ट नियतकालिकांना हा गुणांक मिळू लागला तो २०२३ पासून. मानव्यविद्यांतला लेख रुजायला दोन वर्षे पुरत नाहीत, हे त्या विलंबातच दिसते.

मराठीत अडचण याहून खोल आहे. नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावणे यांनी तत्कालीन औरंगाबादेतून चालविलेले 'अस्मितादर्श' घ्या. दलित साहित्याच्या विचाराला या त्रैमासिकाने जे बळ दिले, ते कोणताही अभ्यासक नाकारणार नाही. पण आपल्याकडे लेख आधी अंकात येतो आणि पुढे संग्रहात. नंतरचा अभ्यासक संग्रहाचे पान देतो; अंक, महिना, वर्ष गळून जाते. उल्लेख होतो तो पुस्तकाचा. नियतकालिकाच्या खाती शून्य जमा होते. अशा शून्यावरून प्रभाव नव्हता असे अनुमान काढणे म्हणजे बियाण्याचे श्रेय कोठाराला देणे होय.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने मानव्यविद्यांतील शोधलेखाला १० गुण ठेवले. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या संदर्भित नियतकालिकासाठी त्यांत ५ गुणांची भर, तर तो १० च्या वर असल्यास ३० गुणांची. पदोन्नती अशा गुणांवर अवलंबून असताना मराठीच्या तरुण प्राध्यापकाने कुठे लिहावे? नागपूर विद्यापीठ आणि विदर्भ साहित्य संघ, दोन्ही १९२३ ची. संघाच्या 'युगवाणी'सारख्या अंकात वाचक भेटतो. पण वाचक भेटला, याला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. मग लेखन वाचकाकडून गुणांकडे वळते, आणि पैसे घेऊन छापणाऱ्यांचे फावते.

आयोगाने 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिकाची पारख संस्थांवर सोपविली. ही संधी आहे, असे आम्ही मानतो. निवड समितीने उमेदवाराचे दोन लेख प्रत्यक्ष वाचून त्यांवर त्याच्याशी चर्चा केली, तर कोणत्याही गुणांकापेक्षा अधिक कळेल. आणि प्रबंधाच्या तळटिपांत संग्रहाबरोबर मूळ अंकाचा महिना व वर्ष देण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी धरावा. त्यासाठी कोणाच्या परिपत्रकाची गरज नाही. गुणांक वाढो न वाढो, एखादा विचार मराठीत प्रथम कुठे उमटला, एवढे तरी पुढच्या अभ्यासकाला सापडेल.