सहा हजारांत बैठकीची खोली

मैत्रिणींनो, ‘घर दोन खोल्यांचं, पण कसं टापटीप!’ असे कुणी म्हणाले की आपल्या अंगावर मूठभर मांस चढते, हो की नाही? आणि याच कौतुकाच्या आशेने आपण फर्निचरच्या दुकानाची पायरी चढतो. मग हप्ते सुरू होतात. सोफा येतो, त्याच्यापुढे काचेचे टीपॉय येते, कोपऱ्यात शोकेस येते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच अंग चोरून चालावे लागते. मी आज लिहिते आहे ते बंगलेवाल्या मैत्रिणींसाठी नाही. ज्यांच्या बैठकीच्या खोलीत दिवसा पाहुणे बसतात, संध्याकाळी मुले अभ्यास करतात आणि रात्री अंथरुणे पडतात, त्यांच्यासाठी आहे.

आम्ही नगरचे. २०२४ साली नाव अहिल्यानगर झाले, तरी बोलता बोलता तोंडात नगरच येते. घर भाड्याचे, दोन खोल्यांचे. हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहेत, मी सकाळी एका शाळेत तासिकांवर मराठी शिकवते. घरात सासूबाई, धाकट्या वन्सं आणि आमची दोन मुले.

गेल्या हिवाळ्यात वन्संना पुण्याचे एक स्थळ सांगून आले. पाच आठवड्यांनी मंडळी बघायला येणार असे ठरले आणि घरात सोफ्याचा विषय निघाला. यांचे म्हणणे, “मुलीची बाजू आहे आपली. बसायला धड सोफा नको?” दुकानात किंमत विचारली तर २८,००० रुपये, तेही हप्त्याने. माझ्याजवळ मानधनातून बाजूला टाकलेले ६,००० होते.

मी वाद घातला नाही. एक कागद घेतला आणि आमच्या खोलीचा दिवस लिहून काढला. पहाटे पाचला माझा डबा आणि पोळ्या स्वयंपाकघरात सुरू होतात, तेव्हा बैठकीत सासूबाई, वन्सं आणि मोठा मुलगा झोपलेले असतात. दुपारी सासूबाई खिडकीपाशी भिंतीला टेकून निवडणे-टिपणे करतात. संध्याकाळी मुलांची दप्तरे, रात्री वन्संची पुस्तके. आता यात सात फुटांचा सोफा ठेवा आणि सांगा, कुणी उठायचे? सासूबाईंचे अंथरूण स्वयंपाकघरात जाणार, थंडगार फरशीवर, आणि पहाटे पाचला मी त्यांना उठवणार! गुडघे दुखणाऱ्या बाईला! कागद यांच्यापुढे ठेवला. हे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “सहा हजारांत काय होणार आहे?” मी म्हटले, “बघू तर खरं.”

शेजारणींचा दुसराच मुद्दा. “अगं, भाड्याचं घर, दुसऱ्याच्या भिंतीवर कशाला पैसे घालवतेस?” यावर माझ्याजवळ नगरचेच उत्तर आहे. आपल्या भुईकोट किल्ल्यात १९४२च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या बड्या पुढाऱ्यांना कैदेत ठेवले. पंडित नेहरू तिथे १९४५च्या मार्चपर्यंत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथेच लिहिले, हे मुलांच्या पुस्तकात असते. पण त्याच ग्रंथात त्यांनी हेही लिहिले आहे, की दगडगोट्यांनी आणि पडक्या बांधकामाच्या राडारोड्याने भरलेली तिथली जमीन खणून ते फुलांचे वाफे तयार करत, उन्हातसुद्धा. जागा तुरुंगाची, मुदत ठाऊक नाही, तरी फुले लावली! आपण तर अकरा-अकरा महिन्यांचे करार करत त्याच घरात मुले वाढवतो. मग त्या भिंतींनी कळकट का राहायचे?

आता काय केले ते क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी खोली रिकामी केली. बंद पडलेला टीव्ही, तीन पायांची खुर्ची, आहेरातली न वापरलेली भांडी आणि प्लॅस्टिकची फुले काढली. एक पैसा न घालवता खोली दीड पट वाटायला लागली. खर्च करण्याआधी हे नक्की करा, बरं का! निम्म्या घरांना सजावटीची नाही, आवराआवरीची गरज असते.

मग रंग. भिंतीला ओल असेल तर आधी गळती बंद करा, नाहीतर महिन्याभरात पोपडे निघतात. आमच्याकडे ओल नव्हती. सुटा रंग पत्र्याने खरवडला, वर पॉलिश पेपर मारला, एक हात प्रायमरचा आणि दोन हात डिस्टेंपरचे. तीन भिंतींना ताकासारखा पांढरट रंग आणि दारासमोरच्या एकाच भिंतीला फिका गेरू. लहान खोलीत गडद रंग चारी भिंतींना देऊ नये, तो उजेड पिऊन टाकतो. दोन रविवारी घरच्यांनीच काम उरकले, मजुरी वाचली.

बसायला काय? गच्चीवर एक जुनी लोखंडी कॉट गंजत पडली होती. वेल्डरकडून तिचे पाय कापून उंची सोळा इंचांवर आणली, घासून काळा रंग दिला. गादी पिंजून घेतली. वर सोलापुरी चादर, पाठीला दोन लोड. झाला आमचा दिवाण! दिवसा चार माणसे बसतात, रात्री सासूबाई झोपतात. उठता-बसताना त्यांच्या गुडघ्यांना आधी जमिनीवरून जो त्रास होई, तोही गेला.

समोर जमिनीवर सासऱ्यांची घोंगडी अंथरली. सासरे पारनेर तालुक्यातल्या गावाकडचे. त्यांच्या माघारी ती घोंगडी ट्रंकेत घडी घालून पडली होती. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. नवी असते तेव्हा टोचते, पण वर्षानुवर्षे टिकते. फिकट भिंतींपुढे ती काळी घोंगडी अशी काही उठून दिसते, की विकतचा गालिचा नको. महिन्यातून एकदा कडक उन्हात टाकते आणि घडी घालायची वेळ आली तर मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते, म्हणजे कसर लागत नाही.

पडद्यांसाठी कापडबाजारात गेलेच नाही. माझी एक सुती साडी पदराला विरली होती, अंगाने धड होती. हिशोब असा धरा: साडी साडेपाच मीटर म्हणजे १८ फूट. साडेसात फुटांचे दोन तुकडे, दुमड धरून, दाराच्या पडद्याला पुरतात. उरलेल्या तीन फुटांत सोळा इंची उशीचे दोन अभ्रे बसतात. खिडकीला मात्र कापड खिडकीच्या रुंदीच्या दीड ते दोन पट हवे, तरच चुण्या छान पडतात. नवे सुती कापड आणलेत तर शिवण्याआधी एकदा भिजवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा वीतभर वर चढतो.

खिडकीच्या पडद्याचे कापड साधे पांढरे होते, मांजरपाटाचे, घरातलेच. त्याला खाली सासूबाईंच्या आईच्या लुगड्याचे काठ लावले. एके काळी आपल्या नगरचे आणि संगमनेरचे हातमाग लुगड्यांसाठी ओळखले जात. हे नऊवार त्यांतलेच. अंग पार विरले होते, काठ मात्र तसेच. सासूबाईंनी स्वतः कात्री लावली. लावताना काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री पडदा टांगल्यावर दोनदा उठून हात फिरवून आल्या. मला त्या वेळी आठवले, आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, आणि महेश्वरी साड्यांच्या काठांवर तिथल्या किल्ल्याच्या दगडी नक्षीचे नमुने उतरले. शोभा लांबून आणावी लागत नाही. आपल्या भिंतीवर नाहीतर ट्रंकेत ती असते.

दिव्याचे सांगते. मधोमध एक पांढरीफटक ट्यूब असली की सगळ्यांचे चेहरे ओढलेले दिसतात. एक बुरुडाची टोपली उलटी टांगून तिच्यात पिवळसर उजेडाचा ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला. भिंतीवर बांबूच्या विणीची जाळी उमटते. पूर्वीच्या ६० वॅटच्या दिव्याइतका उजेड हा देतो. रोज पाच तास जळाला तर जुना दिवा महिन्याला ९ युनिट खायचा, हा दीड युनिटसुद्धा खात नाही. वायरिंग मात्र वायरमनकडूनच करून घ्या, आणि बल्बला टोपली टेकू देऊ नका. दुसरा दिवा अभ्यासाच्या कोपऱ्यात, फळीखाली. फळी म्हणजे जुन्या पाटाची, दोन ब्रॅकेटांवर बसवलेली. तिच्यावर वन्संची पुस्तके.

भिंतीवर चार चौकटी. एकीत सासूबाईंनी लग्नाआधी भरलेला कशिद्याचा मोर, एकीत गुळेदगुड्डच्या खणाचा तुकडा, दोनांत मुलांची चित्रे. सगळ्यांचा मधला भाग डोळ्यांच्या उंचीवर आला पाहिजे. आपण फोटो छताला टांगतो, ते पाहुण्यांना दिसतच नाहीत!

झाडे तीन. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, पाणी जपून. म्हणून कोरफड, तुळस आणि मनीप्लँट. तांदूळ धुतलेले पाणी त्यांना चालते. मनीप्लँट बाटलीत ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा पाणी बदलाच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

हिशोब मांडते. रंग, प्रायमर, ब्रश १,६५०, कॉट ३५०, गादी ५००, चादर ४५०, पडद्याच्या सळया, कड्या, दोरा ६००, बल्ब व वायरिंग ४२०, टोपली १२०, चौकटी ६००, ब्रॅकेट १८०, कुंड्या २४०. एकूण ५,११० रुपये. उरले ८९०.

रंगकाम चालू असताना वन्सं शिडी धरून उभ्या होत्या. मध्येच हसून म्हणाल्या, “वहिनी, भिंतीला दोन हात दिलेत. आता मलाही एक द्यायचा का?” माझा ब्रश थांबला. एम.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी ही मुलगी. तिला वाटत होते, की खोलीबरोबर आपणही मांडून ठेवल्या जाणार. मी म्हटले, “वन्सं, मंडळी दोन तास बसतील. तुम्ही इथे रोज रात्री बारापर्यंत बसता. तुमचा कोपरा आधी करू.” आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी फळी आणि तिच्याखालचा दिवा आधी लावला, पडदे नंतर शिवले.

मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मावशींनी पडद्याच्या काठांची चौकशी केली, टोपलीच्या दिव्याकडे वळून वळून पाहिले. मग म्हणाल्या, “सोफा घ्यायचा राहिलाय वाटतं?” मी काही म्हणणार तोच सासूबाई म्हणाल्या, “राहिला नाही. घेतला नाही. मी इथे झोपते.” इतके सरळ, इतके शांत, की कुणालाच पुढे बोलता येईना. यांनी मान खाली घालून चहाचा घोट घेतला, पण मला त्यांचे हसू दिसले.

आठ दिवसांनी फोन आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच पाहिलेली होती! वन्संना वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. दोन दिवस त्या गप्प होत्या. सासूबाई तर म्हणाल्याही, “सोफा असता तर…” आणि मध्येच थांबल्या. तिसऱ्या दिवशी मी उरलेल्या पैशांतून ८५० रुपये वन्संच्या हातात ठेवले. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायची मुदत जवळ आली होती. फॉर्म त्यांनी त्याच फळीखाली बसून मोबाइलवर भरला.

सोफा असता तर होकार आला असता का, हे मला सांगता येणार नाही. पण हप्ता चालू असता, तर ते ८५० मी कुठून काढले असते, हे मात्र मी स्वतःला विचारते. परीक्षा झाली आहे, निकाल लागायचा आहे. दुसरे एक स्थळही सांगून आले आहे. या वेळी वन्संनीच आधी चार प्रश्न लिहून पाठवले आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी तुमच्याकडेही ‘बैठकीत काहीतरी नवीन हवं’ असे निघेल. अवश्य करा, हौस हवीच. फक्त त्याआधी एक कागद घ्या आणि तुमच्या खोलीचा एक दिवस लिहून काढा: कोण कुठे बसते, कोण कुठे अभ्यास करते, आणि रात्री कुणाचे अंथरूण कुठे पडते. मग दुकानाची पायरी चढा.