शोकाचा सांडवा

करोनाच्या साथीनंतर ‘मानसिक आरोग्य’ ही संज्ञा शासकीय परिपत्रकांतून, वर्तमानपत्रांतून आणि महाविद्यालयीन कार्यशाळांतून भोरसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचली. संज्ञा उपयुक्त आहे. तिच्यामुळे एक विषय बोलण्याजोगा झाला. परंतु ज्यांच्यासाठी ती आली त्यांच्या बोलण्यात ती क्वचितच उतरली. भोर आणि शेजारच्या वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड, तालुक्यातली माणसे आपली अवस्था सांगताना ‘मन लागत नाही’, ‘करमत नाही’, ‘जीव थाऱ्यावर नाही’ असे म्हणतात. या प्रयोगांकडे केवळ बोलण्याची लकब म्हणून पाहता येणार नाही. मन लागायचे तर ते कशाला तरी, कुणाला तरी लागावे लागते. जिवाला थारा बाहेरूनच मिळतो. ‘मानसिक आरोग्य’ ही संज्ञा बिघाड व्यक्तीच्या आत शोधते, तर ही भाषा तो व्यक्ती आणि तिची माणसे यांच्यामधल्या जागेत शोधते. साहित्याच्या अभ्यासकाने या भेदाची दखल घ्यावी असे मला वाटते, कारण त्यात रूपबंधाचा प्रश्न दडलेला आहे.

मी भोरमध्ये राहते आणि साहित्य शिकवते. येथे मरण झालेल्या घरी ‘भेटायला जाणे’ हा आचार मी लहानपणापासून पाहत आले आहे. आलेली बाई घरातल्या बाईच्या गळ्यात पडते, दोघी हेल काढून रडतात. गेलेल्याला नात्याने हाक मारायची, त्याचे गुण आठवायचे, आपल्याला कुणाच्या स्वाधीन केलेस असा जाब विचारायचा: या रडण्याला संबोधन आहे, आवर्तन आहे, लय आहे. थोड्या वेळाने कोणी तरी जाणती बाई ‘आता पुरे’ म्हणते आणि पाण्याचा तांब्या पुढे करते. मग हकीगत सुरू होते. कधी ताप आला, शेवटचे काय खाल्ले, काय बोलला. नवी माणसे आली की ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. दहाव्यापर्यंत ती वीस-पंचवीस वेळा सांगितली जाते आणि दर वेळी थोडी बदलते. काही तपशील गळतात, काही पक्के होतात. घटनांची कथा होते. कथनमीमांसेत आपण घटनाक्रम आणि कथानक असा जो भेद शिकवतो, तो येथे ओसरीवर बसून प्रत्यक्ष घडताना दिसतो.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले करोनारुग्ण आढळले आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली. करोनाने गेलेल्यांच्या वाट्याला तीही नव्हती. आमच्या आळीतल्या एका वृद्ध बाईंचा मुलगा एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, पुण्याच्या रुग्णालयात गेला. पार्थिव घरी आले नाही, कोणी भेटायलाही आले नाही. त्यानंतर त्या नीट जेवत, कामे करीत, देवाला जात. फक्त बोलत कमी. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारी एक मरण झाले. तेथे त्या इतर बायकांबरोबर बसल्या आणि रडता रडता त्यांच्या तोंडी स्वतःच्या मुलाची हाक आली. परक्याच्या मयतात आपले माणूस रडून घेणे हे आपल्याकडे अनुचित मानीत नाहीत. तेथील बायकांनी त्यांना वाट दिली. त्यांनी हकीगत पहिल्यापासून सांगितली. रुग्णवाहिकेचे दार लागले येथवर आल्या आणि थांबल्या. ‘पुढचं मला दिसलं नाही,’ म्हणाल्या.

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. साथीने त्यांच्याकडून दोन गोष्टी नेल्या होत्या: ऐकणारी माणसे आणि हकीगतीचा शेवट. अतिदक्षता विभागाच्या दाराआड काय घडले हे त्यांना ठाऊक नव्हते आणि जे ठाऊक होते ते ऐकायला कोणी नव्हते. दोन वर्षे त्यांच्याजवळ घटना होत्या, कथा नव्हती.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात, रामाचा विलाप पाहून व्याकुळ झालेल्या सीतेला तमसा समजावते. तलाव तुडुंब भरला की पाण्याला वाट काढून देणे हाच उपाय, तसे शोकाने क्षुब्ध झालेले हृदय विलापानेच सावरते, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. भोरकराला यावर भाष्याची गरज पडू नये. १९२० च्या दशकात वेळवंडी नदीवर पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात आणि पाणी नीरेत जाते. सांडवा हा धरणाच्या मूळ आराखड्यातच असतो, भिंत त्याच्यावर विसंबूनच उभी असते. भेटीचा आचार हा शोकाचा सांडवा होता. २०२० आणि २०२१ मध्ये पाणी वाढत असताना तोच बंद ठेवावा लागला. संसर्ग रोखण्यासाठी ते आवश्यक होते, पण त्याची किंमत मोजायची राहून गेली.

फ्रॉइडने १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शोक आणि विषण्णता’ या निबंधात शोकाला एक प्रकारचे काम मानले: गेलेल्याची एकेक स्मृती हाती घ्यायची आणि हळूहळू सोडायची. तीन वर्षांनी, जानेवारी १९२० मध्ये, त्याची मुलगी सोफी हांबुर्ग येथे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. रेल्वेगाड्या नसल्याने व्हिएन्नाहून आईबापांना तिच्या अंत्यविधीला पोचता आले नाही. आज ही घटना त्या निबंधाशेजारी ठेवून वाचली की सिद्धान्तातील एक रिकामी जागा दिसते. त्या निबंधातला शोक करणारा माणूस आपले काम एकट्याने करतो. त्याच्यासमोर श्रोता नाही. आपल्या ओसरीवर मात्र श्रोत्यावाचून हे काम सुरूच होत नाही.

२०२२ पासून अंमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात प्रदीर्घ शोक हा विकार म्हणून नोंदला आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी प्रौढांसाठी ती एक वर्षाची धरली. वर्षश्राद्धाचा काळही तेवढाच, हे लक्षात येते. शोक त्या व्यक्तीच्या संस्कृतीत अपेक्षित असलेल्या मर्यादेपलीकडचा असावा, अशी अट दोन्ही ठिकाणी आहे. पण ज्या काळात संस्कृतीचे आचारच घडू शकले नाहीत, त्या काळातल्या शोकाला मोजपट्टी कोणती लावायची? या प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकाने द्यावे अशी अपेक्षा करणे योग्य होणार नाही.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी नमूद करायला हव्यात. पहिली अशी, की जुना प्रत्येक आचार म्हणजे सांडवा नव्हे. विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हे शोकाला वाट देणारे आचार नाहीत. ते शोक करणारीलाच शिक्षा करतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो साथीने तरुण विधवांची संख्या वाढवल्यानंतरचा आहे. कोणता रूपबंध माणसाला बोलते करतो आणि कोणता मुके करतो, हा विवेक समीक्षेने करायचा असतो. दुसरी अशी, की ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याला भेट पुरत नाही. त्याला डॉक्टरांकडेच न्यायला हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मी वर्गात फळ्यावर लिहिते.

त्याच वर्गात आम्ही टाळेबंदीच्या काळात भ्रमणध्वनीवरून फिरलेल्या कविता वाचतो. त्यांतील बहुसंख्य कविता विषाणूला उद्देशून आहेत. त्याला दम दिला आहे, त्याचा उपहास केला आहे, क्वचित त्याचे आभारही मानले आहेत. गेलेल्या माणसाला नावाने वा नात्याने हाक मारणारी कविता आम्हांला फार थोडी सापडली. आळीतल्या बाईंना जे संबोधन दोन वर्षांनी गवसले, ते आपल्या लिहित्या वर्गाला अजून पुरते गवसलेले नाही, असे या वाचनावरून म्हणावेसे वाटते. मला हा वाङ्मयीन उणिवेइतकाच आरोग्याचा प्रश्न वाटतो.

ज्या घरी तेव्हा कोणी जाऊ शकले नाही, त्या घरी आजही जाता येते. उशीर झाला म्हणून भेट बाद होत नाही. सांत्वनाची वाक्ये जुळवून जाण्याची गरज नाही. तांब्याभर पाणी जवळ ठेवावे, ‘पहिल्यापासून सांगा’ म्हणावे आणि शेवट ठाऊक नसलेली हकीगत ऐकत बसावे.