समोरच्या माणसाविना गांधी

भारतात एखादे व्यक्तिचित्र सर्वाधिक हातांतून गेले असेल, तर ते नोटेवरील गांधींचे होय. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये ‘महात्मा गांधी मालिके’च्या नोटा चलनात आणल्या आणि ते हसरे मुख रोजच्या व्यवहाराचा भाग झाले. व्यवहारात मुरलेल्या वस्तूकडे कोणी पाहत नाही. नोट उजेडात धरली जाते ती खरेखोटेपणा तपासण्यासाठी. जलचिन्हात गांधी दिसले की नोट खरी ठरते आणि ती घडी होऊन खिशात जाते.

हे मुख १९४६ च्या एका छायाचित्रातून घेतलेले आहे. त्या वर्षी सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी आलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळातील लॉर्ड पेथिक-लॉरेन्स मूळ छायाचित्रात गांधींच्या सोबत आहेत. नोटेसाठी चित्र कापताना ते गळाले. हसू उरले, ज्याच्या सहवासातले ते हसू, तो माणूस उरला नाही. नोटेवर एकच मुख असावे ही मुद्रणाची साधी गरज आहे आणि तीत कट शोधण्याचे कारण नाही. तथापि या कापण्यातून जे घडले ते गांधींच्या एकूण प्रतिमाव्यवहाराचे रूपक ठरावे असे आहे. समोरचा माणूस काढून टाकला, की संवादाचे रूपांतर मुद्रेत होते.

गांधींच्या स्वतःच्या लेखनाशी हे विसंगत आहे. १९०९ चे ‘हिंद स्वराज’ संवादरूप आहे. त्यातील ‘वाचक’ उतावळा आहे, शंकेखोर आहे, आणि ‘संपादका’ला त्याच्या आक्षेपांमधूनच वाट काढावी लागते. प्रतिपक्षाला संहितेतच जागा देणाऱ्या या लेखकाचे पुढे जे चित्रण झाले, त्यात प्रतिपक्षाची जागा किती उरली, हा प्रश्न केवळ कलासमीक्षेचा नाही.

नंदलाल बोस यांचे १९३० चे लिनोकट येथे आठवते. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, हातात काठी, पाऊल पुढे पडलेले. चित्रात दुसरे कोणी नाही, परंतु मिठाच्या सत्याग्रहाची ती चाल कोणाच्या तरी विरोधात आणि कोणाच्या तरी सोबतीने आहे, हे रेषाच सांगते. येथील काटकसर गतीतून आलेली आहे. २०१४ च्या स्वच्छता अभियानाच्या चिन्हात ही काटकसर टोकाला गेली आणि केवळ चष्मा उरला. चष्मा आहे, डोळे नाहीत. आणि जेथे डोळे नाहीत तेथे नजरेला नजर देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मराठीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या १९८४ च्या कवितेचे शीर्षकच ‘गांधी मला भेटला’ असे आहे. त्यातील एकेरी क्रियापद महत्त्वाचे. मराठीत एकेरी हे अनादराचे जितके, तितकेच सलगीचे चिन्ह आहे. विठोबाला ‘तू’ म्हणून त्याच्याशी भांडणाऱ्या संतांच्या भाषेत ते वेगळे समजावून सांगावे लागू नये. ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात पुन्हा छापली गेली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली प्रकरण न्यायालयात गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफी मागणाऱ्या प्रकाशकाला मोकळे केले. कवीने मात्र आपली बाजू खटल्यात मांडावी असे म्हटले. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या संदर्भात अश्लीलतेची कसोटी अधिक कठोरपणे लावावी, ही त्या निर्णयामागील भूमिका होती. आदराची चिंता समजण्याजोगी आहे. परंतु आदरणीयाच्या वाट्याला केवळ आदरार्थी अनेकवचन यावे असे ठरले, तर त्याला भेटण्याची सोय राहत नाही. केवळ दर्शन उरते.

भेटीचा आग्रह म्हणजे कोणत्याही बोलण्याला मुभा, असे मात्र नव्हे. १९९८ मध्ये ज्याच्या प्रयोगांवर बंदी आली त्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकाच्या शीर्षकाशी गुर्जरांचे शीर्षक ताडून पाहावे. ‘बोलतोय’ या क्रियापदाला ऐकणारा गृहीत असतो, उत्तर देणारा नव्हे. ‘भेटला’ या क्रियापदाला मात्र दोन माणसे लागतात. बंदीने या फरकाची चर्चा होत नाही, ती थांबते.

२००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ने हीच भेट लोकप्रिय चित्रपटात आणली. दिलीप प्रभावळकरांचे गांधी मुन्नाला दिसतात. आणि मुन्नाला जे ठाऊक नाही त्याचे उत्तर त्यांनाही देता येत नाही, हे कथेत जाहीरपणे उघडे पडते. विनोदासाठी आलेली ही युक्ती वाचनव्यवहाराविषयी गंभीर काही सांगून जाते. ज्याने जितके वाचले, तितकेच गांधी त्याच्याशी बोलतात. भास म्हणून त्यांना निकालात काढता येते, तसेच ग्रंथालयात जाऊन त्यांना अधिक बोलतेही करता येते. चित्रपटातील मुन्नाचा आरंभ तरी ग्रंथालयातच होतो.

नोटेवरील गांधींना कोणी काही विचारत नाही, म्हणून त्यांना उत्तर द्यावे लागत नाही, आणि विचारणाऱ्यालाही स्वतःचे अज्ञान उघड होण्याचे भय नाही. या सुरक्षिततेची किंमत मोठी आहे. कापलेल्या छायाचित्रात रिकामी राहिलेली जागा पेथिक-लॉरेन्स यांची होती. आता ती पाहणाऱ्याची आहे. तेथे उभे राहायचे, तर काहीतरी विचारावे लागेल, आणि ते बहुधा एकेरीतच.