केसीची सकाळ

रात्री लिली किंगची ‘रायटर्स अँड लव्हर्स’ संपवली. 2020 मध्ये आलेली ही कादंबरी प्रेमकथा म्हणून हातात घेतली होती. मनात घर करून बसली ती तिच्या नायिकेची, केसीची सकाळ. 1997 सालचं मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज. वय 31, आई अचानक गेलेली, शिक्षणाच्या कर्जाचा डोंगर डोक्यावर. राहायला कुणाच्या तरी आवारातली, बागेच्या कुंड्या-अवजारं ठेवायची खोली. घरमालकाचा कुत्रा फिरवून आणायचा, म्हणजे भाड्यात तेवढीच सूट. मग स्वतःच्या कादंबरीची पानं लिहायची, आणि नंतर सायकल दामटत हार्वर्ड स्क्वेअरच्या रेस्टॉरंटमध्ये वाढपाचं काम. सकाळी पैशांचा विचार करायचा नाही, हा तिचा स्वतःशीच करार. सहा वर्षं एकच कादंबरी!

हिच्याकडे सांगण्यासारखं काही असेल, याचंच घरमालकाला नवल वाटतं. ते वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहिणाऱ्या बाईला हे किती सहज ऐकवलं जातं!

केसीच्या आयुष्यात दोन पुरुष येतात, दोघंही लेखक. ऑस्कर नावाजलेला, विधुर, दोन मुलांचा बाप. सायलस तिच्यासारखाच धडपडणारा. ऑस्करच्या मुलांवर केसीचा जीव जडतो. माझाही जडला. तरी त्या तयार संसारात, मोठ्या लेखकाच्या सावलीत ती विसावली असती, तर मला सोसलं नसतं.

लिहायला वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न प्रेमकथेत इतक्या खरेपणानं आलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, ही कादंबरी जरूर वाचा.