अठ्ठ्याहत्तर पानांचा कॅशियर

पत्ते म्हटले की आम्हा बँकवाल्यांना रमी आठवते. पण टॅरोचे पत्ते बावन्न नव्हेत, चांगले ७८! पंधराव्या शतकात इटलीत ते निघाले खेळायलाच. भविष्य मागाहून चिकटलं. इटालो काल्व्हिनोच्या १९७३ सालच्या पुस्तकात तर वाचा गेलेले प्रवासी पत्ते मांडूनच आपापली कहाणी सांगतात.

मीही माझ्या कथेतल्या कॅशियरसाठी तीन पत्ते ओढले. खुळा, कोसळता मनोरा, कंदीलवाला संन्यासी. तीन वर्षं हा गृहस्थ वहीत नुसत्या नोटा मोजत होता. आता प्रश्न पडला, याचं काय कोसळलं असेल? कंदील घेऊन कुणाला शोधतोय?

भविष्य कळो न कळो. शेजारच्या काउंटरवरच्या माणसाकडे मी हल्ली जरा निराळं बघतो.